रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०: मोठ्या खंडानंतर मोटरसायकलवर परतणाऱ्यांनी ती कशी पारखावी

पंधरा-वीस वर्षं मोटरसायकल सुटलेला माणूस पुन्हा गाडी बघायला निघाला की त्याची नजर बहुतेक वेळा क्लासिक ३५०वर येऊन ठरते. फुगीर टाकी, गोल दिवा, त्याच्या दोन्ही अंगांना छोटे पायलट दिवे, तारांची चाकं. सगळं ओळखीचं वाटतं. पण ओळखीचं आहे ते फक्त रूप. आतलं यंत्र नवं आहे आणि ते चालवण्याची रीतही बरीच बदलली आहे. हातपाय मात्र अजून जुन्या गाडीच्याच सवयीने चालतात. म्हणून ही गाडी चांगली की वाईट एवढंच विचारून भागत नाही. तुमच्या आधीच्या गाडीने लावलेली कोणती सवय इथे कामाला येते आणि कोणती अंगाशी येते, हे आधी बघावं लागतं.

इथे चर्चा २०२१मध्ये आलेल्या, जे-मालिकेचं इंजिन असलेल्या क्लासिकची आहे. त्याआधीची क्लासिक दिसायला सारखी असली तरी ती निराळी गाडी. सेकंडहँड बघत असाल तर हा फरक आधी नक्की करा. ओळखायची सोपी खूण म्हणजे नव्या गाडीला किक नाही.

जुन्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० मिमी होता. नव्याचा ७२ आणि ८५.८. क्षमता ३४९ सीसी, ताकद ६१०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) २०.२ बीएचपी, टॉर्क ४००० आरपीएमला २७ न्यूटन-मीटर. आकडे जुन्याच्या जवळपास आहेत, पण चालवताना फरक पहिल्या मिनिटात कळतो, कारण या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट आहे. एकाच सिलिंडरचा जड पिस्टन वर-खाली होताना जो झटका देतो, तो उलट फिरणाऱ्या वजनाने बराचसा मारला जातो. जुन्या बुलेटवर तासाभराने बोटांना मुंग्या यायच्या आणि आरशात मागची गाडी थरथरता ठिपका दिसायची. इथे ताशी ८० किमीपर्यंत आरसा स्वच्छ राहतो. मनगट आणि कोपर दुखण्याच्या वयात ही गोष्ट दहा बीएचपी जास्त असण्यापेक्षा मोलाची आहे. १००च्या पुढे मात्र इंजिनाची ओढ संपत येते आणि कंपनं पुन्हा जाणवू लागतात. ८०-८५ हीच या गाडीची खरी चाल.

यामाहाची आरएक्स १०० चालवलेल्यांना पहिल्या दिवशी ही गाडी मठ्ठ वाटण्याची शक्यता फार. ते वाटणं खोटं नाही. आरएक्स ९८ सीसीची टू-स्ट्रोक, ११ बीएचपी आणि वजन शंभर किलोच्या आसपास. म्हणजे टनामागे साधारण ११० बीएचपी. क्लासिकचे १९५ किलोला २०.२, म्हणजे टनामागे जेमतेम १०४. पण ८० किलोचा माणूस बसवून तोच हिशोब करा. आरएक्स ६१वर येते आणि क्लासिक ७३वर राहते. मागे कोणी बसलं, सामान बांधलं की अंतर आणखी वाढतं. खरा फरक ताकद कुठे मिळते यात आहे. टू-स्ट्रोक वरच्या आरपीएमला एकदम उसळते, हा लांब स्ट्रोकचा फोर-स्ट्रोक खालीच जोर लावतो. म्हणून आरएक्ससारखा थ्रॉटल पिळून ओव्हरटेक करायला जाऊ नका. ६०वरून पुढे काढायचं असेल तर आधी चौथा टाका, मग पिळा, आणि लागणारी मोकळी जागा जुन्या अंदाजापेक्षा दीडपट धरा.

टू-स्ट्रोकची दुसरी सवय जास्त घातक आहे. जावा-येझदीत तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असायचं. लांब उतारावर थ्रॉटल बंद करून गिअरमध्ये गाडी सोडली की इंजिन जोरात फिरतं, पण पेट्रोल येत नाही, आणि पेट्रोल नाही म्हणजे तेलही नाही. पिस्टन जाम होण्याची भीती असायची. म्हणून जाणते चालक उतारावर क्लच दाबायचे किंवा मध्येच थोडा थ्रॉटल द्यायचे. त्या गाडीसाठी ते बरोबर होतं. क्लासिकच्या इंजिनात तेल वेगळं, पंपाने फिरणारं आहे. इथे उतारावर क्लच दाबून गाडी मोकळी सोडली तर इंजिनाचा रोध गमावता, १९५ किलो आणि तुमचं वजन नुसत्या ब्रेकवर येतं, आणि ब्रेक तापून लिव्हर मऊ पडू लागतो. चढाला जो गिअर लागला असता तोच उताराला ठेवा, क्लचवरून बोटं काढा. थ्रॉटल सोडला की इंजिनच गाडी धरून ठेवतं. टू-स्ट्रोकवाल्यांना हे नव्याने शिकावं लागतं, कारण त्यांच्या इंजिनाला असा रोध नावापुरताच होता.

जुन्या बुलेटवाल्यांची अडचण हातात नाही, पायात आहे. त्या गाडीचा गिअर उजव्या पायात, पहिला वर आणि बाकीचे खाली. मागचा ब्रेक डाव्या पायात. क्लासिकमध्ये सगळं उलट: गिअर डावीकडे, पहिला खाली, पुढचे चार वर, ब्रेक उजवीकडे. संथ चालवताना मेंदू हे सांभाळून घेतो. समोर अचानक कोणी आडवं आलं की मेंदू बाजूला पडतो आणि पाय जुन्या जागी जोर लावतो. डावा पाय ब्रेक समजून गिअर लिव्हर खाली दाबतो, एक गिअर उतरतो, मागचं चाक अडखळतं आणि ब्रेक लागतच नाही. यावर एकच उपाय आहे, सराव. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून, इंजिन बंद ठेवून, ‘ब्रेक’ असं मोठ्याने म्हणत उजवा पाय आणि उजवा हात एकदम दाबायचा. रोज पन्नास वेळा. त्यानंतर मोकळ्या जागेत २० किमी वेगात तेच. आठवडाभर हे केल्याशिवाय गर्दीत शिरू नका. सुरुवातीला कधीमधी बुलेटही चालवायची आणि क्लासिकही, असं करू नका, कारण दोन उलट सवयी पायात एकत्र मुरत नाहीत.

क्लासिकला पुढे-मागे टाचेने आणि पंजाने दोन्हीकडून टाकता येणारा लांब गिअर लिव्हर आहे. गुडघा वाकवून बूट लिव्हरखाली घालणं ज्यांना जड जातं त्यांना तो मोठाच दिलासा. पण मोठ्या मापाचा जाड बूट घातला तर दोन पट्ट्यांमध्ये पाय अडकल्यासारखा होतो. चाचणीला रोजचे बूटच घालून जा.

आता ब्रेक. इथे जुन्या माणसाला सगळ्यात जास्त फायदा आहे, पण तो घ्यायला शिकावं लागतं. ड्रमच्या काळात ‘पुढचा ब्रेक लावू नको, पडशील’ हे वाक्य हातात इतकं भिनलंय की बरेच जण पुढच्या लिव्हरवर बोटंच ठेवत नाहीत. गाडी थांबताना वजन पुढे झुकतं, पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि थांबवण्याचं बहुतेक काम तोच करतो. मागचं चाक हलकं होऊन घसरायला बघतं. क्लासिकला पुढे ३०० मिमीची आणि मागे २७० मिमीची डिस्क मिळते. काही व्हेरियंटमध्ये मागे ड्रम आणि एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला आहे. ते घेऊ नका. रंग मनासारखा मिळाला नाही तरी चालेल, दोन्ही चाकांना एबीएस हवंच.

एबीएस काम करू लागलं की लिव्हर बोटांखाली थरथरतो. जुना चालक दचकून ब्रेक सोडतो, किंवा पूर्वीसारखा सोड-धर करू लागतो. दोन्हींमुळे थांबायला अंतर जास्त लागतं. थरथर आली म्हणजे यंत्रणा तुमच्यासाठी सोड-धर करते आहे. लिव्हर घट्ट धरूनच ठेवायचा. एक मात्र, एबीएस सरळ रेषेत उपयोगी. गाडी वळणात कललेली असताना ते तुम्हाला सावरेलच असं धरू नका.

सराव असा करा. कोरडी, वाळू नसलेली, मोकळी जागा. वेग ३०. आधी दोन बोटांनी लिव्हर हलका ओढून ब्रेक पकडला जाईपर्यंत थांबा, मग दाब वाढवत न्या. एकदम झटका नको. टायर दाबला जायला अर्धा क्षण लागतो, तो दिला की पकड मिळते. दहा वेळा जमलं की ४०, मग ५०. ६०च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. धोका दिसल्यापासून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला तर १७ मीटर नुसते गेले, आणि चांगला ब्रेक लावूनही पुढे सुमारे २० मीटर लागतात. पन्नाशीत तो सेकंद दीड झाला तर आणखी ८ मीटर. ९०च्या वेगात प्रतिक्रियेचे २५ आणि ब्रेकचे ४५ मीटर. वयाने प्रतिक्रिया मंदावते त्याची भरपाई ब्रेक करत नाही, पुढच्या गाडीपासून राखलेलं अंतर करतं. पुढची गाडी जिथून गेली तिथे आपण दोन सेकंदांनी पोचावं असा नियम होता, तिथे तीन मोजा.

वजनाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे, कारण परतणाऱ्यांचे अपघात नेहमी वेगातच होतात असं नाही. उभ्या गाडीवरही होतात. १९५ किलो चालताना जाणवत नाहीत; पार्किंगमधून काढताना, खडीवर वळवताना, मागे कोणी बसत असताना जाणवतात. सीट ८०५ मिमी उंच आहे आणि पुढून फारशी निमुळती नाही, त्यामुळे बुटक्या माणसाचे पाय टेकतात पण टाचा टेकत नाहीत. नुसता आकडा बघू नका, बसून बघा. उताराकडे तोंड करून भिंतीला टेकवून गाडी लावू नका, नंतर १९५ किलो चढावर मागे ओढावे लागतात. मधला स्टँड सोबतच येतो. तो लावताना हाताने गाडी उचलायची नसते. उजवा पाय स्टँडच्या पट्टीवर ठेवून स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे आणि मग सगळं वजन आपल्या उजव्या पायावर टाकायचं. हात फक्त दिशा देतात. कंबरेत उसण भरते ती चुकीची पद्धत वापरल्यानेच.

कधी गाडी आडवी झालीच तर घाईने हँडल धरून समोरून उचलायला जाऊ नका. किल्ली बंद करा, पहिला गिअर टाका. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, म्हणजे उभी होताच ती डावीकडे टेकेल. मग गाडीकडे पाठ करून कुल्ले सीटच्या कडेला लावा. एका हाताने जमिनीकडचा ग्रिप धरा, दुसऱ्याने मागची पक्की पकड. पाठ ताठ ठेवून छोटी छोटी पावलं मागे टाकत जा. जोर मांड्यांचा, पाठीचा नाही.

हळू वेगातलं यू-टर्न हे सगळ्यात आधी विसरलेलं कौशल्य. पहिला गिअर, थ्रॉटल किंचित आणि स्थिर, क्लच अर्धवट पकडलेला, वेग आवरायला उजव्या पायाचा हलका ब्रेक. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक लावला की गाडी आतल्या बाजूला कोसळते, कारण पुढचं वजन वळलेल्या चाकावर एकदम येतं. नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवा. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर हे आणखी महत्त्वाचं: खाली बघितलं की काचेतला वाचनाचा भाग आड येतो, चाकाजवळचा रस्ता धूसर होतो आणि तोल जातो. हनुवटी वर ठेवा. काट्याचा स्पीडोमीटर मोठा आहे, चाळिशीनंतरही एका नजरेत वाचता येतो. त्याखालची इंधन आणि अंतर दाखवणारी छोटी डिजिटल पट्टी मात्र वाचायला बारीक आहे. रात्री चालवणार असाल तर २०२४नंतरची, एलईडी दिव्याची गाडी बघा. आधीच्या हॅलोजनचा प्रकाश पिवळा आणि वयस्क डोळ्यांना अपुरा पडतो.

किक गेल्यामुळे बॅटरीला मोठं महत्त्व आलं आहे. जुन्या बुलेटवर अँपिअरच्या काट्यावर नजर ठेवून, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून पिस्टन जागेवर आणून किक मारणं ज्यांना येत होतं, त्यांना बॅटरी मेली तरी घरी पोचता यायचं. इथे स्टार्टर, इंजेक्टर, पेट्रोलचा पंप सगळं बॅटरीवर चालतं. बॅटरी पूर्ण बसली की ढकलूनही ती चालू होईल याचा भरवसा नाही. परतलेले बरेच जण फक्त रविवारी चालवतात, आणि तेच बॅटरीला मारक. दहा मिनिटं उभ्या उभ्या इंजिन चालवून ती भरत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवा, किंवा मोटरसायकलसाठीचा स्वयंचलित चार्जर लावून ठेवा. साधा मल्टिमीटर घरी असू द्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या वर दिसलं तर ठीक, १२.४ला चार्ज करा, १२च्या खाली राहू लागली तर बदलायची वेळ आली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४च्या दरम्यान हवं. ते नसेल तर दोष बॅटरीत नसून चार्जिंगमध्ये आहे.

चोकही नाही आणि पेट्रोलची चावीही नाही, त्यामुळे ‘रिझर्व्हला आली की बघू’ ही सवय सोडायची. पंप टाकीतच बुडालेला असतो आणि भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी १३ लिटरची आहे, कोरडी होऊ देऊ नका.

देखभाल जुन्यापेक्षा सोपी झाली आहे. पूर्वीच्या बुलेटमध्ये इंजिन, प्रायमरी चेनची पेटी आणि गिअरबॉक्स यांचं तेल तीन ठिकाणी बघावं लागे. आता एकच तेल तिघांना पुरतं, म्हणून तेलाची निवड चुकवून चालत नाही. १५डब्ल्यू-५० (तेलाची जाडी) आणि डब्यावर जासो एमए हा शिक्का बघा. क्लच याच तेलात बुडालेला असतो. कारसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती पडली की क्लच घसरू लागतो. पातळी बघताना गाडी मधल्या स्टँडवर सरळ हवी आणि इंजिन बंद करून काही मिनिटं गेलेली हवीत. साइड स्टँडवर बघून उगाच तेल ओतणारे खूप. पहिली सर्व्हिस ५०० किमीला, ती चुकवू नका. चेन दर ५०० किमीला पुसून वंगण लावा, पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं, दर दोन वर्षांनी बदला. गाडी कमी चालली म्हणून ते टिकत नाही.

चाकांच्या बाबतीत मी हौशीच्या विरुद्ध सल्ला देईन. तारांची चाकं सुंदर दिसतात, पण त्यांत ट्यूब असते. पंक्चर झालं की हवा झटकन जाते, आणि रस्त्याकडेला मागचं चाक खोलणं हे पन्नाशीतलं काम नव्हे. अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर असलेलं व्हेरियंट घ्या. खिळा ओढून प्लग बसवायला दहा मिनिटं लागतात. मागचे शॉक हलक्या माणसाला कडक लागतात. प्रीलोडच्या (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची याच्या) सहा पायऱ्या आहेत, एकट्याने चालवताना खालच्या पायरीवर आणा आणि मागे कोणी बसवताना वाढवा. खड्ड्यांचे धक्के कंबरेला लागतात अशी तक्रार करणाऱ्यांनी ही पायरी एकदा तपासावी.

घरात किंवा ओळखीच्यांकडे जुनी येझदी किंवा आरएक्स उभी आहे आणि तीच उठवावी असं मनात येत असेल, तर तिला दुसरी गाडी म्हणून उठवा, एकुलती एक म्हणून नाही. बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची सील वाळून कडक होतात. तिथून बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि जाम होतो. गाडी चालू होते, छान वाजते, आणि पंधरा किलोमीटरवर अडकते. रंग-क्रोमवर खर्च करण्याआधी सील, टाकीतला गंज, कार्ब्युरेटरमधला चिकटा आणि टायर या चार गोष्टी. टायरच्या कडेला चार आकड्यांचा छाप असतो: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३०९ म्हणजे २००९चा तेविसावा आठवडा. खाच कितीही खोल असली तरी असं रबर दगडासारखं झालेलं असतं. जुनं हेल्मेटही तसंच, आतला फोम सुकलेला असतो. तेही नवंच घ्या.

क्लासिकचं वजन जड वाटलं तर त्याच इंजिनाची हंटर ३५० बघा: १८१ किलो, सीट ७९० मिमी, १७ इंची चाकं, गर्दीत झटकन वळते, पण खड्ड्यात लहान चाकं जास्त आदळतात. पाय नीट टेकणं हीच मुख्य गरज असेल तर मेटिऑर ३५०ची सीट ७६५ मिमी आहे, मात्र तिच्यावर पाय पुढे पडतात आणि खड्ड्याचा धक्का सरळ माकडहाडाला बसतो. त्यापेक्षा मला होंडाची हायनेस सीबी ३५० सुचवावीशी वाटते. तीही १८१ किलोची, क्लच फार हलका, बोटांच्या सांध्यांचा त्रास असणाऱ्यांना तो पहिल्या ट्रॅफिकमध्येच पटेल. तरीही ८०च्या चालीत दिवसभर बसायचं असेल, तर क्लासिकचा संथ ठोका आणि जड, स्थिर चाल या तिन्ही गाड्यांना मागे टाकते.

चाचणी दहा मिनिटांची देतात, चाळीस मागून घ्या. कंबर आणि मनगट पहिल्या वीस मिनिटांत तक्रार करत नाहीत. परत आल्यावर इंजिन बंद करा, न्यूट्रलमध्ये टाका आणि गाडीच्या डावीकडे उभं राहून ती वीस पावलं मागे, मग हँडल पूर्ण वळवून अर्धा फेरा ढकला. शेवटी मधल्या स्टँडवर दोनदा चढवा. दुसऱ्या वेळी कोणाची मदत घ्यावीशी वाटली, तर हंटरची किल्ली मागा.